प्रतिघात, पुन्हा एकदा

परवा नात आली होती, चार दिवसांसाठी. ती पुण्याला सिनेमाचा अभ्यास करते. सिनेमा काढायला नाही, सिनेमाबद्दल लिहायला शिकते. असाही अभ्यासक्रम असतो हे मला तिच्यामुळेच कळलं. आमच्या वेळी टॉकीजमध्ये गेलो हे घरी सांगायची चोरी होती, आणि आता त्याच गोष्टीत एम.ए. होता येतं! असो.

रात्री जेवणं झाली, भांडी आवरली आणि ती लॅपटॉप घेऊन माझ्या पलंगावर येऊन बसली. "आजी, तुला एक बाई दाखवते," म्हणाली. मला वाटलं कुणी मैत्रीण असेल. निघाला एक अमेरिकन सिनेमा, १९७३ सालचा. नाव 'कॉफी'. हे आपलं प्यायचं कॉफी नव्हे, कॉफिन या आडनावावरून पडलेलं नायिकेचं हाकेचं नाव. मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेली, आणि अमेरिकन माणूस बोलायला लागला की तोंडात सुपारी धरून बोलतोय असंच मला वाटतं. त्यामुळे नात मधे मधे चित्र थांबवून समजावून सांगत होती.

कॉफी ही दवाखान्यातली नर्स. कृष्णवर्णीय. तिच्या धाकट्या बहिणीला कुणीतरी नशेच्या नादी लावलंय, ती पोर पार वाया गेली आहे. पोलीस काही करत नाहीत, कारण वरपर्यंत हप्ते पोचलेले. मग ही नर्स स्वतःच बंदूक उचलते आणि एकेकाला गाठते. पॅम ग्रियर नावाची नटी आहे. काय सांगू तुम्हाला, उंचीपुरी, डोळ्यांत आग, आणि डोक्यावर कुरळ्या केसांचा एवढा मोठा गोल. एका मारामारीत त्या केसांत तिने दाढीची पाती लपवलेली असतात. जी बाई तिच्या झिंज्या धरायला जाते तिचाच हात रक्ताळतो! मी एकटीच खुदकन हसले. शाळेत मुलींच्या भांडणात झिंज्या उपटण्याचे प्रकार मी तीस-पस्तीस वर्षं सोडवले आहेत, पण ही युक्ती काही कुणाला सुचली नव्हती.

नातीने सांगितलं की असे सिनेमे १९७१ पासून तिकडे धडाधड निघाले. कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठी, थोड्या पैशात, मारामारी आणि सूड यांनी भरलेले. त्यांच्याच एका संघटनेतल्या माणसाने चिडून त्या सिनेमांना 'ब्लॅक्सप्लॉयटेशन' असं नाव ठेवलं. म्हणजे आमच्या दुःखावर तुम्ही गल्ला भरताय, असा त्याचा रोख. ते नाव पुढे चिकटूनच बसलं. 'कॉफी'चा दिग्दर्शक जॅक हिल हा गोराच होता. मला आठवलं, आम्ही कॉलेजात होतो तेव्हा, १९७२ साली, मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार या मंडळींनी दलित पँथर काढली. नाव तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतलं. म्हणजे तिकडचं वारं आपल्याकडे पोचलं होतं. पण ते पत्रकांतून आणि कवितांतून पोचलं, सिनेमातून नाही. आमच्या यवतमाळच्या पडद्यावर तेव्हा राजेश खन्नाच होता.

सिनेमा अर्ध्यावर आला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, हा तर आमचा प्रतिघात!"

नातीने 'प्रतिघात'चं नावही ऐकलेलं नव्हतं. एम.ए. करते म्हणे! मग मी सांगायला बसले, आणि पॅम ग्रियर हातात बंदूक घेऊन पडद्यावर तशीच थांबून राहिली.

'प्रतिघात' १९८७ चा. दिग्दर्शक एन. चंद्रा, म्हणजे आपले चंद्रशेखर नार्वेकर. आदल्या वर्षी त्यांचा 'अंकुश' गाजला होता. मूळ सिनेमा तेलुगू, १९८५ सालचा 'प्रतिघटना', त्यात विजयाशांती होती. आमचा जिल्हा तेलंगणाला लागून आहे. पांढरकवड्याच्या पुढे पाटणबोरी ओलांडली की पलीकडे तेलुगूच. तिकडच्या एका सहकारी शिक्षकांनी आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं, "बाई, हिंदीत आला की पाहाच. त्यात मास्तरीण आहे."

तर त्यातली लक्ष्मी ही कॉलेजात शिकवणारी बाई. सुजाता मेहतांनी केली होती, गुजराती रंगभूमीवरच्या. काली नावाचा गुंड एका प्रामाणिक पोलीस अधिकाऱ्याचा सर्वांदेखत खून करतो. सगळे पाहतात आणि कुणीच काही पाहिलेलं नसतं. ही एकटी म्हणते, मी पाहिलं. एवढंच तिचं चुकतं. घरचे गप्प बस म्हणून मागे लागतात, नवरा कच खातो, आणि तो काली एक दिवस येऊन भर रस्त्यात, लोकांच्या देखत तिची वस्त्रं उतरवतो. पुढे तोच काली निवडणुकीच्या राजकारणात जाऊन मोठा पुढारी होतो. त्याच्या सत्काराच्या व्यासपीठावर लक्ष्मी चढते, आणि सत्कार करता करता कुऱ्हाडीने त्याला तोडते. चरणराजने काली इतका भयंकर केला होता की पुढे कितीतरी दिवस बाजारात तसा जाडजूड मिशीवाला माणूस दिसला की मी पदर सावरून घेत असे. नाना पाटेकरही होता त्यात, डोकं फिरलेल्या माजी पोलिसाच्या कामात. शहाणं बोलणारा तेवढा एक वेडाच.

आमच्याकडे चित्रपट उशिराच लागायचे. १९८८ चा जानेवारी असावा, कारण जिनिंगपुढे कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती आणि आमची रिक्षा तिच्यात अडकली होती. आम्ही तिघी शिक्षिका रविवारच्या दुपारच्या खेळाला गेलो. मुलं सासूबाईंवर सोपवली. यांना सांगितलं, शाळेचं काम आहे. (हे आता गेले, त्यामुळे कबूल करायला हरकत नाही.) बाल्कनीत बायका बऱ्याच होत्या, काही तर तान्ही मुलं घेऊन आलेल्या. खाली स्टॉलमध्ये सगळे पुरुष.

तो रस्त्यातला प्रसंग आला तेव्हा बाल्कनीत एकदम चिडीचूप झालं. माझ्या शेजारच्या बाईने पदराचा बोळा तोंडात धरला होता. आणि खालून शिट्टी आली. एक नाही, चार-पाच. मग कुणीतरी फिस्सकन हसलं.

शेवटी कुऱ्हाड पडली तेव्हा सगळी टॉकीज उभी राहून टाळ्या वाजवत होती. आम्हीही वाजवल्या. मी तर रडत होते आणि टाळ्या वाजवत होते. खालीही टाळ्या होत्या, आणि त्या टाळ्यांमध्ये मघाच्या शिट्ट्याही होत्या. तीच तोंडं, तेच हात. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. पण मी ते बाजूला सारलं. रडून इतकं मोकळं वाटत होतं की ते मोकळेपण मला घालवायचं नव्हतं.

नातीचं म्हणणं, सूडाच्या सिनेमाची ही जुनीच भानगड आहे. पॅम ग्रियरलाही बंदूक दिली खरी, पण बंदूक चालवण्याआधी आणि नंतर कॅमेरा तिच्या अंगावरूनच फिरतो. बाईचा अपमान दाखवून आधी तिकिटं विकायची आणि मग तिच्या हातात शस्त्र देऊन आपण पुण्य केलं म्हणायचं. 'इन्साफ का तराजू'वरही, तो १९८० चा, हाच आक्षेप घेतला गेला होता. मला ते पटतं. तरी मी नातीला म्हटलं, तू त्या बाल्कनीत बसली असतीस ना, तर तूही टाळ्या वाजवल्या असत्यास. माझ्या आईच्या पिढीने 'हंटरवाली' पाहून अशाच टाळ्या वाजवल्या होत्या. १९३५ चा सिनेमा, वाडिया मूव्हीटोनचा. फिअरलेस नादिया मुखवटा लावून, चाबूक घेऊन पुरुषांना झोडपायची. आई सांगायची तेव्हा तिचा उजवा हात आपोआप वर जायचा. घरात कधी आवाज न चढवलेली बाई ती.

पण 'प्रतिघात'मधलं मला आजही झोपेतून उठवून विचारलं तरी आठवेल ते दृश्य कुऱ्हाडीचं नाही. फळ्याचं आहे.

त्या रस्त्यातल्या प्रकारानंतर लक्ष्मी पुन्हा वर्गावर जाते. आणि फळ्यावर विद्यार्थ्यांनी बाईचं घाणेरडं चित्र काढून ठेवलेलं असतं. तिचंच. वर्ग वाट पाहतोय, आता ही काय करते.

मी तुम्हाला एक सांगते. शाळेत नोकरी केलेल्या कोणत्याही बाईला विचारा, तिच्या फळ्यावर काही ना काही लिहिलेलं असतंच एकदा तरी. माझ्या फळ्यावर नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी होतं, नववीच्या वर्गात. चित्र नव्हतं, दोन ओळी होत्या. मी काय केलं? डस्टर उचललं, सावकाश पुसलं, हात झटकले, उजव्या कोपऱ्यात तारीख लिहिली, पट लिहिला आणि 'धडा चौथा' म्हणून सुरुवात केली. जुन्या बाईंनी मला तसंच शिकवलं होतं. "पाहिलंच नाही असं करायचं. आपण चिडलो की त्यांना मजा येते." मग स्टाफरूममध्ये जाऊन पाण्याचे दोन ग्लास पिऊन टाकायचे. आयुष्यभर मी हीच रीत पाळली आणि नव्या मुलींनाही शिकवली.

सिनेमातली लक्ष्मी ते पुसत नाही. ती त्या चित्राकडे पाठ करत नाही. त्या पोरांना त्याच चित्रासमोर बसवून ती त्यांना सुनावते की या शरीरातूनच तुम्ही आलात, याच्याच दुधावर वाढलात. तिथे गाणं आहे, आणि एरवी मला सिनेमात मधेच गाणं आलं की राग येतो. पण तिथे मी श्वास रोखून बसले होते. टॉकीजमध्ये एकही शिट्टी आली नाही. मला वाटलं, हे असं करता येतं? डस्टर न उचलता?

आता खरी गोष्ट. ही मी आजवर कुठे लिहिली नव्हती.

सिनेमा पाहून महिना झाला असेल. दहावीचा माझा वर्ग. त्यात एक मुलगी होती, तिचं नाव लिहीत नाही. गाव शाळेपासून चार-पाच किलोमीटर. बापाचं तीन-चार एकर कोरडवाहू वावर. अक्षर मोत्यासारखं, गणितात बरी, आणि मराठीच्या निबंधात स्वतःचं काहीतरी लिहिणारी. अशा मुली वर्गात दोन किंवा तीनच असतात, शिक्षकांना माहीत आहे. एका दुपारी मधल्या सुट्टीत ती माझ्याकडे आली आणि काहीच बोलेना. मी तिला स्टाफरूमच्या मागच्या खोलीत नेलं, शिपायाला चहा आणायला सांगितला. मग बोलली.

"बाई, तो रोज आडवा येते. सायकलचं हँडल धरते. काल त्यानं ओढनी ओढली."

तो कोण, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. बड्या घरचा मुलगा. त्याच्या वडिलांच्या शब्दाशिवाय त्या भागात पान हलत नसे.

"घरी सांगितलं का?"

"सांगितलं त बाबा शाळाच बंद करतीन."

आणि यानंतर मी तिला जे विचारलं ते मी आजही स्वतःला माफ करू शकत नाही. मी विचारलं, "मग तू ओरडली का नाहीस?"

मथुरेची केस मला माहीत होती. आमच्याच विदर्भातली, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजची आदिवासी पोर, १९७२ साली पोलीस ठाण्यातच तिच्यावर अत्याचार झाला. १९७८ साली सुप्रीम कोर्टाने दोन्ही पोलिसांना सोडलं. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिने आरडाओरड केली नाही, म्हणजे तिची संमती होती, अशा अर्थाचं निकालात होतं. चार कायद्याच्या प्राध्यापकांनी त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टाला खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. हे सगळं मी वर्तमानपत्रात वाचलं होतं, स्टाफरूममध्ये तावातावाने बोलले होते. 'प्रतिघात'सारखे सिनेमे निघाले तेही त्याच धगीतून, असं मला वाटतं. आणि तरीही माझ्यासमोर चौदा-पंधरा वर्षांची पोर बसली तेव्हा माझ्या तोंडून कोर्टाचाच प्रश्न निघाला.

तिने उत्तर दिलं नाही. चहा प्यायली.

मी म्हटलं, "असं कर, काही दिवस नाल्याकडच्या रस्त्याने येत जा. लांब पडेल, पण बरोबर कुणाला तरी घे. परीक्षा तोंडावर आहे, आता गाजावाजा नको." मग मी वरिष्ठांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "बाई, परीक्षा होऊ द्या. मग बघू." मी बरं म्हटलं. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं. आपण सांगितलं, आपलं काम झालं.

म्हणजे डस्टर फिरवलं मी. तारीख लिहिली आणि पुढचा धडा घेतला.

ती आणखी आठ-दहा दिवस आली. नंतर यायची बंद झाली. मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा सुरू झाली तेव्हा तिचं हॉल तिकीट माझ्या ड्रॉवरमध्येच होतं. फोटोत दोन वेण्या, रिबिनी, आणि फोटोवाल्याने 'हसू नको' म्हटल्यावर बसतात तसं तोंड. एप्रिलमध्ये तिचं लग्न झाल्याचं कळलं. ते तिकीट मी बरेच दिवस जपून ठेवलं, मग एका बदलीत कुठे गेलं कुणास ठाऊक.

आणि तो मुलगा? तो पुढे मोठा झाला, अगदी सिनेमातल्यासारखा. आठ-दहा वर्षांनी आमच्या एका शाळेच्या स्नेहसंमेलनाला तो पाहुणा म्हणून आला. पांढरे कपडे, मागेपुढे माणसं. मी ज्येष्ठ शिक्षिका, त्यामुळे पाहुण्यांचं स्वागत माझ्याकडे. मी व्यासपीठाच्या तीन पायऱ्या चढले. हातात हार होता. त्याने मान खाली वाकवली, नम्रपणे, आणि मी तो घातला. खाली मुलींचं लेझीम पथक उभं होतं, त्यांनी टाळ्या वाजवल्या. लक्ष्मीही अशीच व्यासपीठावर चढली होती, हे मला त्या तिसऱ्या पायरीवरच आठवलं. घरी आल्यावर मी दोनदा आंघोळ केली.

एवढं सांगेपर्यंत नात गप्प होती. मग म्हणाली, "आजी, तुला काय वाटतं, कुऱ्हाड घ्यायला हवी होती?"

नाही. तसं मला कधीच वाटलं नाही. २००४ साली नागपूरचं ते प्रकरण झालं, तेव्हाही मी हाच विचार करून करून थकले होते. कस्तुरबानगर ही बहुतांशी दलितांची वस्ती. अक्कू यादव नावाच्या गुंडाने तिथे दहा-बारा वर्षं दहशत माजवली होती. बायकांवर अत्याचार, खून, खंडणी, सगळं. तक्रारी पोलिसांत जायच्या आणि तक्रार करणारीच्या घरी तो यायचा. १३ ऑगस्टला त्याला नागपूरच्या जिल्हा न्यायालयात आणलं, आणि वस्तीतल्या बायका तिखटाची पूड आणि सुऱ्या घेऊन कोर्टाच्या खोलीतच त्याच्यावर तुटून पडल्या अशी बातमी आली. तिथेच तो मेला. पोलिसांनी आधी पाच बायकांना धरलं, तर वस्तीतल्या शेकडो बायका म्हणाल्या, आम्हा सगळ्यांना अटक करा. खटला दहा वर्षं चालला. नेमका कुणाचा हात होता ते सिद्धच झालं नाही, आणि २०१४ साली सगळे आरोपी सुटले. त्याच्यावरून २०२१ साली '२०० हल्ला हो' नावाचा सिनेमाही निघाला, त्यात आपले अमोल पालेकर आणि रिंकू राजगुरू आहेत.

ती बातमी मी सकाळी चहा घेताना वाचली आणि कप तसाच खाली ठेवला. आनंद झाला म्हणू? नाही झाला. कोर्टात माणूस असा मारला जावा, हे नागरिकशास्त्र शिकवलेल्या बाईला कसं आवडेल? त्या खोलीतली जमीन माझ्या डोळ्यांपुढून दोन दिवस जात नव्हती. पण दुसरी एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा वाचत होते. सगळ्यांना अटक करा, ही. सिनेमात बाई नेहमी एकटी असते. कॉफी एकटी, लक्ष्मी एकटी, नादिया तर मुखवट्याआड. कारण बाकीचे लोक काहीच करत नाहीत हे सिनेमात गृहीतच असतं, त्याशिवाय कुऱ्हाडीची पाळी येत नाही. नागपुरात त्या बाकीच्या बायकाच बाहेर आल्या होत्या. मग मी मोजत बसले. १९८८ साली आमच्या शाळेत किती शिक्षिका होत्या? सहा. आम्ही सहाजणी जर त्या पोरीबरोबर चार दिवस तिच्याच रस्त्याने, नाल्याच्या नाही, तिच्या रोजच्याच रस्त्याने चालत गेलो असतो, नुसत्या चालत, हातात छत्र्या घेऊन? त्याने सहा बाईंच्या समोर हँडल धरलं असतं? कदाचित धरलंही असतं. पण आम्ही गेलो नाही ना. तिघींनी तर महिन्यापूर्वी टाळ्या वाजवल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी नातीने 'प्रतिघात' शोधून काढला. तो रस्त्यातला प्रसंग मला पुन्हा बघवेना, पण मी बघितला, आणि या वेळी लक्ष्मीकडे नाही, तर भोवतीच्या माणसांकडे बघत राहिले. ती माणसं म्हणजे सिनेमात दिवसाच्या मजुरीवर आणून उभी केलेली गर्दी, त्यांना काय सांगितलं असेल दिग्दर्शकाने? नुसते उभे राहा. आम्ही तेवढं विनामजुरी केलं.

ती मुलगी मला एकदा भेटली. २०११ साली, नात्यातल्या एका लग्नात. मी निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. एक बाई पाया पडली, केसांत पांढरे आलेले, बरोबर सून.

"बाई, ओळखलं का?"

फोटोतल्या तोंडावरून ओळखलं. माझ्या पोटात गोळा आला. वाटलं, आता ही म्हणेल. मी मनात उत्तरं जुळवत होते. आणि ती सुनेकडे वळून म्हणाली, "ह्या माह्या बाई. यायनं मले कपबशीत चहा देल्ला होता. स्टाफरूममधी, खुर्चीवर बसवून."

मी म्हटलं, "आणखी काय आठवतं गं तुला?"

"आनखी काय बाई," ती हसली, "शाया तं तवाच सुटली."

तिच्या सुनेने मला जबरदस्तीने आणखी एक जिलबी वाढली. नात विचारत होती की मग तू तिला काही बोलली नाहीस का. बोलले. तिची मुलं काय करतात ते विचारलं. मुलगी बी.एस्सी.ला होती, यवतमाळला होस्टेलवर.

त्या रात्री आम्ही 'कॉफी'चा राहिलेला अर्धा भाग पाहिला. तिचा प्रियकर हा तिच्याच समाजाचा पुढारी, निवडणुकीला उभा, आणि तोच आतून त्या धंद्यात सामील निघतो. त्यालाही ती सोडत नाही. मग पहाटे समुद्राच्या काठाने एकटी चालत जाते, आणि सिनेमा संपतो.

"आता ती कुठे जाईल गं?" नातीने विचारलं. परीक्षेतला प्रश्न असावा.

"दवाखान्यात," मी म्हटलं. "नर्स आहे ती. सकाळची ड्युटी असेल."